लेदर जॅकेटवरचा पांढरा थर पुसला तरी परत येतो: कारणं आणि उपाय

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. जॅकेट चांगलं, दोन-तीन हिवाळे वापरलेलं, थंडी सरल्यावर कपाटात गेलेलं. गणपतीच्या आसपास कपाट उघडलं तर काळ्या लेदरवर पांढरट-राखाडी ठिपके. कॉलरच्या आत जास्त, काखेत जास्त, आणि सगळ्या कपाटाला कुबट वास. मग फडक्याने पुसायचं, वरून खोबरेल नाहीतर बुटाचं पॉलिश चोळायचं. जॅकेट चमकतं. नवरात्र येईपर्यंत ठिपके पुन्हा हजर, आणि या वेळी पाठीवरसुद्धा.

मुंबईकर याबाबतीत सावध असतात, कारण तिथे दमटपणा बारा महिने मानगुटीवर बसलेला. आपण नाशिककर मात्र ‘नाशिकची हवा कोरडी’ या समजुतीवर निर्धास्त राहतो. एप्रिल-मेच्या दुपारी ते खरंही आहे. पण जुलै-ऑगस्टमध्ये सकाळची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज असते, आणि बुरशीला साधारण ६५ ते ७० टक्क्यांपुढे रान मोकळं मिळतं. त्र्यंबकच्या दिशेला राहत असाल तर पाऊस आणखी जास्त. इगतपुरीकरांना मी वेगळं काय सांगणार!

थर परत येतो त्याची कारणं दोनच. एकतर तो कसला आहे हे न बघता उपाय केलेला असतो, नाहीतर उपाय बरोबर केला पण जॅकेट पुन्हा त्याच कपाटात नेऊन टांगलेलं असतं.

आधी थर कसला ते बघा

दिंडोरी-पिंपळगावकडचा द्राक्ष बागायतदार पानावर पांढरं दिसलं म्हणून लगेच फवारणीला धावत नाही. आधी पान उलटून बघतो, भुरी आहे की डाऊनी, कारण दोन्हींची औषधं वेगळी. जॅकेटवरचं पांढरं तर तीन प्रकारचं असू शकतं: बुरशी, आतून वर आलेली चरबी, किंवा मीठ.

सगळ्यात सोपी चाचणी हेअर ड्रायरची. ड्रायर कमीत कमी उष्णतेवर ठेवा, एक वीत अंतरावरून डागावर काही सेकंद वारा सोडा. पांढरं डोळ्यांदेखत विरघळून नाहीसं झालं तर ती चरबी. आहे तसंच राहिलं तर बुरशी किंवा मीठ. मग ओलसर फडक्याचं टोक लावून बघा. मीठ पाण्यात विरघळतं आणि वाळल्यावर पुन्हा कडा धरून उमटतं. बुरशी ओल्या फडक्याने पसरते, पुसल्यासारखी वाटते, आणि काही दिवसांत जिथल्या तिथे उगवते.

नुसत्या नजरेनेही बरंच कळतं. बुरशीचे ठिपके गोलसर, वेगवेगळे, आणि उजेडात तिरकं धरून पाहिलं तर किंचित लवदार दिसतात. वासही असतोच. चरबीचा थर सपाट, धुरकट, मेणासारखा. बहुतेकदा शिवणींजवळ आणि घड्या पडतात तिथे, बिनवासाचा. मीठ काखेत, मानेशी, आणि पावसात भिजलेल्या जॅकेटवर लाटेच्या रेषेसारखं.

ऋतूवरूनही अंदाज येतो. ऑगस्टमधलं पांढरं बहुतेक बुरशी. डिसेंबरच्या कडाक्यात, निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येत असताना दिसलेलं पांढरं बहुतेक चरबी. हे दुसरं पाहून ‘थंडीतही बुरशी आली’ असं म्हणत लोक जॅकेट धुवायला काढतात, आणि तिथून पुढे खरं नुकसान सुरू होतं.

बुरशी असेल तर

जॅकेट गॅलरीत किंवा गच्चीवर न्या, सावलीत. तोंडाला मास्क लावा. घरात झटकलंत तर बुरशीचे बीजाणू सोफ्यावर, गाद्यांवर आणि पुन्हा त्याच कपाटात जाऊन बसतात. दम्याचा त्रास असलेलं कुणी घरात असेल तर हे काम त्यांच्याकडून करून घेऊ नका.

सुरुवात कोरड्या मऊ ब्रशने. ओलं फडकं आधी लावायचं नाही, त्याने बुरशी लेदरच्या दाण्यात, म्हणजे पृष्ठभागावरच्या बारीक खाचांत, घासली जाते. ब्रश एकाच दिशेने, हलक्या हाताने. खिसे उलटे करा, चेन पूर्ण उघडा, कॉलर उभी करा, मनगटाची पट्टी उलटवा. बहुतेक लोक बाहेरचं लेदर लख्ख करतात आणि अस्तराकडे बघतही नाहीत. बुरशीचा मोठा साठा तर तिथेच असतो, कारण घाम अस्तर पितं. काखेतली अस्तराची शिवण आणि खिशाचा तळ बघितल्याशिवाय काम पूर्ण झालं असं मानू नका.

मग मेडिकलच्या दुकानात मिळणारं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तेवढंच पाणी एकत्र करा. सॅनिटायझरची जेल चालणार नाही, तिच्यातले चिकट पदार्थ लेदरवर राहतात. जुन्या बनियनचा तुकडा या मिश्रणात बुडवून घट्ट पिळा आणि आधी कॉलरच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी फिरवून बघा. फडक्याला रंग लागला तर तिथेच थांबा. ज्या लेदरवर रंगाचा वरचा थर नसतो, नुसतं रंगवलेलं मऊ कातडं असतं, त्याचा रंग अल्कोहोलने उचलला जातो. रंग लागला नाही तर सगळ्या जॅकेटवरून, अस्तरावरूनही, फडकं फिरवा. एका भागाला एकदाच, थपथपून ओलं न करता. लाकडी हँगर असेल तर तोही पुसा.

व्हिनेगर का नाही? चालतं, पण वास रेंगाळतो, आणि अल्कोहोल उडून जातं तसं ते मागे काही न ठेवता जात नाही. खाण्याचा सोडा मात्र थेट लावू नका. लेदर स्वभावाने किंचित आम्लधर्मी असतं. सोडा आणि कपड्याचा साबण दोन्ही अल्कधर्मी, त्यांनी ते कडक आणि ठिसूळ होत जातं. कुबट वासासाठी सोडा वापरायचाच असेल तर वाटीत काढून जॅकेटच्या शेजारी ठेवा. आणि हो, घरात द्राक्षबागेसाठी आणलेलं बुरशीनाशक पडून आहे, ते मारू का, असं विचारणारेही भेटतात. मारू नका. ते जॅकेट तुम्ही अंगात घालणार आहात.

नंतर पंख्याखाली पूर्ण एक-दोन दिवस, चेन उघडी, खिसे बाहेर. उन्हात नाही. मे महिन्यात धान्याला, गाद्यांना ऊन दाखवायची आपली सवय इथे उलटी पडते. कडक उन्हाने रंग उडतो आणि आतलं तेल सुकतं. फिकट, तपकिरी लेदरवर बुरशीने काळसर डाग पाडले असतील तर ते कदाचित जाणार नाहीत. घासून काढायला गेलात तर डागासोबत रंगही जाईल.

एवढं झालं की बुरशी गेली असं समजू नका, हवेतले बीजाणू आहेतच. ते सगळीकडे असतात, कायमचे संपवता येत नाहीत. त्यांना ओल मिळू द्यायची नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

कपाटाचं काय करायचं

माझं मत स्पष्ट आहे: जून ते सप्टेंबर लेदर जॅकेट कपाटात ठेवूच नका. आतल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न चिकटलेल्या खुंटीवर किंवा रॉडवर, रुंद खांद्याच्या हँगरवर टांगा. वर जुन्या सुती धोतराचा किंवा चादरीचा तुकडा टाका. पंखा चालू असतो, माणसं ये-जा करतात, हवा हलती राहते. दिसायला बरं दिसत नाही, हे मान्य. पण बंद कपाटातली हवा महिनोन्‌महिने तशीच कोंडून राहते, आणि कपाट पावसाचं पाणी झिरपणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला लागून असेल तर त्या भिंतीची ओल थेट आत जाते.

दिवाणाखालचा कप्पा त्याहून वाईट. तिथे जॅकेट घडी करून, गाद्यांखाली दाबून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवतात. घडी कायमची बसते आणि कागद ओल धरून ठेवतो. स्लॅबखालचा माळा उन्हाळ्यात भट्टी असतो, तेही नको. लाँड्रीतून आलेलं प्लास्टिकचं कव्हर त्याच दिवशी फेकून द्या. पाहुण्यांची ये-जा, लहान मुलं, जागेची अडचण, अशा कारणांनी कपाटाला पर्याय नसेलच, तर पुढच्या गोष्टी करा.

आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र काही शे रुपयांत मिळतं. ते कपाटात ठेवा आणि आठवडाभर बघा. आकडा ६५ च्या खाली राहत असेल तर काळजी नाही. सतत ७५-८० दाखवत असेल तर त्या कपाटात कुठलंही कंडिशनर, म्हणजे लेदर मऊ ठेवणारं क्रीम, तुमचं जॅकेट वाचवणार नाही. आकडा फारच खाली, ३०-३५ ला नेणंही बरोबर नाही, लेदर कडक होतं. ४५ ते ५५ मध्ये ते खूश असतं.

सिलिका जेलबद्दल गैरसमज फार. बुटाच्या खोक्यात आलेल्या चार पुड्या खिशात टाकल्या की काम झालं असं वाटतं. त्या पुड्या बहुतेक आधीच सादळलेल्या असतात, आणि कपाटाचं दार हवाबंद नसतं, त्यामुळे असलेली ताकदही दोन दिवसांत संपते. वापरायचंच तर रंग बदलणारं जेल आणा, अर्धा किलो तरी, आणि रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तास-दोन तास वाळवून पुन्हा ठेवा. खरा उपयोग मात्र रबरी कडेच्या हवाबंद पेटीत होतो. पण त्या पेटीत जॅकेट जाताना पूर्ण कोरडं हवं. ओलसर जॅकेट हवाबंद पेटीत म्हणजे बुरशीची शेती.

ओल शोषून डब्यात पाणी जमवणारे पांढऱ्या खड्यांचे डबे मिळतात. काम चांगलं करतात. फक्त ते जॅकेटच्या खाली, तळाशी, न सांडतील असे ठेवा. जमलेलं पाणी म्हणजे क्षाराचं दाट द्रावण असतं. ते लेदरवर सांडलं तर डाग आणि कडकपणा दोन्ही. डांबराच्या गोळ्यांनी बुरशी थांबत नाही, नुसता वास बसतो. कपाटात दिवा लावून ठेवायचा जुना उपाय मी कुणाला सुचवत नाही, कपडे आणि गरम बल्ब एकाच बंद जागेत नकोत. घरात एसी असेल तर पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तो ड्राय मोडवर लावून कपाटाची दारं तास-दोन तास सताड उघडी टाका. एसी नसेल तर पाऊस उघडलेल्या दुपारी तेच काम पंख्याने करा.

चरबी असेल तर

चामडं कमावताना, ते मऊ राहावं म्हणून कारखान्यातच त्यात तेल-चरबी मुरवलेली असते. तिचा काही भाग थंडीत गोठून पृष्ठभागावर येतो. हा काही रोग नाही. ड्रायरचा मंद वारा, नाहीतर नुसता हाताचा तळवा घासून आलेली ऊब, आणि कोरडं फडकं, पुरेसं आहे. एक-दोन हिवाळे परत येईल, मग कमी होत जाईल.

पण दर हिवाळ्यात जाड थर येत असेल तर एक प्रश्न विचारावा लागतो: जॅकेटला खोबरेल लावलं होतं का? खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. डिसेंबरमध्ये स्वयंपाकघरातल्या बाटलीत जे होतं तेच जॅकेटच्या दाण्यात होतं. शिवाय तेल लावून जॅकेट पावसाळ्यात ठेवलं तर धूळ चिकटते, आणि धूळ, तेल, घाम मिळून बुरशीला जेवण मिळतं. म्हणजे पावसाळ्यात बुरशी आणि हिवाळ्यात चरबी, दोन्ही तक्रारी एकाच बाटलीतून आलेल्या असू शकतात. जवसाच्या तेलाचं आणखी वेगळं: क्रिकेटच्या बॅटला ते चांगलं, कारण ते हवेत सुकून घट्ट होतं. जॅकेट घट्ट झालेलं कुणाला हवंय?

जादा तेल काढायला मुलतानी माती चांगली. पूर्ण कोरडी, वस्त्रगाळ माती तेलकट भागावर जाडसर पसरा, रात्रभर ठेवा, सकाळी मऊ ब्रशने झटका. दोन-तीन वेळा करावं लागतं. कॉर्नफ्लोअरने पण तेल शोषलं जातं, पण शिवणीत अडकलेलं पीठ पुढच्या पावसाळ्यात बुरशीच्याच कामी येतं. सगळंच्या सगळं तेल निघत नाही. खोलवर मुरलेलं राहतं, रंग थोडा गडद राहतो, त्याला इलाज नाही.

मीठ असेल तर साध्या पाण्यात पिळलेलं फडकं, पण फक्त डागावर नाही; या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत तो अख्खा भाग सारखा ओलसर करा. नाहीतर नवी रेषा उमटते.

कंडिशनर कधी आणि किती

इथे बहुतेक लोक उलटं करतात. पावसाळ्याआधी ‘संरक्षण’ म्हणून भरपूर क्रीम चोळून ठेवतात. मी सांगेन, ठेवण्याआधी फक्त सफाई: मार्चमध्ये कॉलर, मनगटं, काखा ओलसर फडक्याने पुसून, घाम काढून, पूर्ण वाळवून ठेवा. कंडिशनर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, जॅकेट अंगात घालायची वेळ आली की. वर्षातून एकदा. हाताला कोरडं, खरखरीत लागलं तरच दुसऱ्यांदा.

आधी पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर लेदरवर संरक्षक थर आहे, आणि क्रीम आत फारसं जाणारच नाही. बाजारातली बरीच जॅकेटं अशीच असतात. थेंब मुरून जागा गडद झाली तर लेदर उघडं आहे, त्याला क्रीम हवं. मधमाशीचं मेण किंवा लॅनोलिन असलेलं, रंगहीन क्रीम घ्या. एका बाहीला वाटाण्याएवढं पुरतं. फडक्याने पातळ पसरायचं, वीस मिनिटं थांबायचं, उरलेलं पुसून काढायचं. पुसल्यावर बोट चिकटत असेल तर जास्त झालं. व्हॅसलीन वरच्या वर राहतं आणि धूळ गोळा करतं. बुटाचं रंगीत पॉलिश अंगावरच्या शर्टाला लागतं, ते बुटांसाठीच ठेवा.

टिचबटणांच्या भोवती आणि पितळी चेनवर हिरवट मेणचट काही दिसलं तर ती बुरशी नव्हे. तेलातली आम्लं तांब्याशी मिळून ते होतं. टूथपिकला कापूस गुंडाळून काढा, आणि क्रीम लावताना धातूपासून लांब राहा.

सुएडला, म्हणजे मखमलीसारखी लव असलेल्या लेदरला, यातलं काहीच नको. क्रीम नाही, तेल नाही. कोरडा ब्रश आणि हवा. सुएडवर बुरशी खोल गेली असेल तर लेदरचं काम वेगळं करणाऱ्याकडे द्या. साध्या ड्रायक्लीनिंगच्या रसायनांनी डागासोबत लेदरचं तेलही निघून जातं, म्हणून ‘लेदर कुठे आणि कसं धुता?’ हे आधी विचारा.

गाडीवर भिजलं तर

कसारा घाटात किंवा त्र्यंबकच्या वाटेवर एकदा तरी भिजणं होतंच. घरी आल्यावर टॉवेलने टिपा, पिळू नका. खिसे रिकामे, चेन उघडी, रुंद हँगर, पंखा. गिझरच्या खोलीत, इस्त्रीखाली किंवा हीटरसमोर नाही. ओलं लेदर उष्णतेने आक्रसतं, आणि एकदा आक्रसलं की परत ताणून मूळ मापावर येत नाही. दोन दिवस तरी लागतील. पूर्ण वाळायच्या थोडं आधी, अजून किंचित गार लागत असताना, पातळ क्रीम फिरवलं तर तंतू एकमेकांना चिकटून कडक होत नाहीत. वाळलं असं वाटलं तरी अस्तराच्या तळाला आणि खांद्याच्या पॅडला हात लावून बघा, तिथे ओल सगळ्यात शेवटी जाते. त्याच ओलीवर जॅकेट कपाटात गेलं की पंधरा दिवसांनी बुरशीची तक्रार येते.

आणि सालं निघत असतील तर

कोपरावर, कॉलरवर पापुद्रे सुटत असतील आणि खाली कापडाची जाळी दिसत असेल, तर ते लेदर नाही. कापडावर पॉलीयुरेथेन या प्लास्टिकचा थर दिलेला माल आहे. दमट हवेत तो थर काही वर्षांत आतूनच तुटत जातो, वापरा अथवा न वापरा. क्रीमने, तेलाने, फेविकॉलने तो थांबत नाही. रंगाचा थर मारून देणारे असतात, पण बाजूचं साल पुढच्या पावसाळ्यात सुटतंच. त्याच्यावर पैसे घालण्याआधी खिशाच्या आतली कापलेली कड बघा: खऱ्या लेदरला तिथे केसाळ तंतू दिसतात, या मालाला विणलेलं कापड. चेन आणि टिचबटणं चांगल्या स्थितीत असतील तर उसवून ठेवा, दुसऱ्या जॅकेटच्या दुरुस्तीला लागतात.